आत्यानं उघडलेला कॉम्प्युटर

आत्या, काल तुझा दहावा झाला. खाडीवरच्या घाटावर मंडप होता, माईक होता, आणि माईक आहे म्हटल्यावर बोलणारेही होते. आपल्याकडे माणूस गेलं की चार प्रतिष्ठित उभे राहून श्रद्धांजली वाहतात. तुझ्यासाठीही उभे राहिले, याचं मला आधी बरंच वाटलं. मग एकेक जण बोलायला लागला. सोशिक. कष्टाळू. देवभोळी. भावाच्या घरी राहून कधी कुणाला उलट उत्तर दिलं नाही. तिसऱ्या वक्त्यानं तुला 'अबोल माउली' म्हटलं तेव्हा माझ्या डोक्यात सणक गेली. अबोल? तू? तुला अर्धंच ऐकू यायचं म्हणून लोक तुझ्याशी बोलायचा कंटाळा करायचे, आणि मग तूही त्यांचा कंटाळा करायचीस, एवढंच होतं ते. माझ्याशी तर तू सकाळच्या चहापासून भांडायला सुरुवात करायचीस.

मला उठून माईक हिसकावून घ्यायचा होता. सांगायचं होतं की स्वतःचं नाव लिहायला दोन मिनिटं लागणाऱ्या या बाईनं एका सकाळी कॉम्प्युटर उघडून चालू केलाय, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. पण मी उठले नाही. कारण ते सांगायचं तर त्याच्या मागचं दुसरंही सांगावं लागलं असतं, आणि ते मी पाच वर्षं कुणाला सांगितलेलं नव्हतं. घरी आल्यावर मात्र सांगितलं, आत्या. सगळं सांगितलं. काय झालं ते तुला कधी एकदा सांगते असं झालंय, पण मधूनच धागा ओढलेला तुला खपायचा नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

कॉम्प्युटर घरात आला तेव्हाचं आठव. बाबांचे आठ माग घराला लागूनच्या शेडमध्ये, तू आणि आई पडवीत बसून कांड्या भरणार, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या त्या नळ्यांवर सूत गुंडाळणार, आणि मी भिवंडीच्या बाजारातल्या क्लासमध्ये डीटीपी शिकून आलेली, तोंडात सारखं फॉन्ट आणि मार्जिन. कल्याणच्या एका दुकानदारानं सुटे भाग जोडून दिलेला कॉम्प्युटर मी हट्टानं घरात आणवला. बाबा त्याला डबा म्हणायचे. "दिवालीच्या आत यक काम येलेवर करून दाव," असं त्यांनी मला सगळ्यांसमोर बजावलं होतं. "नाय जमला तं ह्यो डबा परत, नि तुजा बी मंग घरात बसून काय चाललाय ता मी बघतंव." बाबा एकदा बोलले की बदलत नाहीत, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत. माझं सगळं त्या एका कामावर आलं होतं.

आणि काम आलं ते पूर्णा गावातल्या एका घरचं. गोदामांना जमिनी दिलेलं घर, पहिल्या मुलाचं लग्न. आपल्या लोकांची लग्नपत्रिका म्हणजे काय असतं ते बाहेरच्याला कळायचं नाही. वधूवरांची नावं चार ओळींत संपतात आणि मग दोन पानं भरून निमंत्रक, मामा, मावश्यांचे यजमान, भावकी, गावकी, सरपंच, माजी सरपंच. एक नाव खाली गेलं तर हळदीला कुणी येत नाही, एक नाव राहिलं तर दोन पिढ्या बोलणं बंद. नवऱ्या मुलाचे काका तीनदा येऊन यादी बदलून गेले. आठ दिवस खपून मी ती पत्रिका बसवली आणि ती सगळी त्या एका मशीनमध्ये होती. फ्लॉपीवर दुसरी प्रत काढून ठेवायची अक्कल तेव्हा मला नव्हती. प्रेसवाल्यानं निक्षून सांगितलं होतं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चारच्या आत फ्लॉपी द्या, त्यानंतर माझी मशीन दिवाळीच्या कामाला लागते.

दसऱ्याला नेहमीसारखे माग बंद झाले. धुऊन पुसून, तेलपाणी करून, झेंडूच्या माळा घालून त्यांची पूजा झाली. आईनं माझ्या कॉम्प्युटरलाही हळदकुंकू लावलं, मॉनिटरला माळ घातली. तू पूजेच्या वेळी नेहमीसारखी उंबऱ्याबाहेर उभी होतीस. कपाळावर कुंकू नाही म्हणून तुला कुणी 'ये' म्हणायचं नाही आणि तू यायची नाहीस, हे इतकं रोजचं होतं की मला त्याचा राग यायला फार उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी बटण दाबलं. पंखा फिरला, सीपीयूचा हिरवा दिवा लागला, आणि पडदा काळाच राहिला. मॉनिटरखालचा बारका दिवा पिवळा होऊन बसला तो हिरवा होईचना. बंद केला, चालू केला. पुन्हा केला. माळ काढली, देवाचं नाव घेतलं, पुन्हा केला. कल्याणला फोन लावला तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, कारीगर गाँव गया है, परसों आके देखते हैं." मी म्हटलं परवा नाही, आज, आत्ता. तो म्हणाला वायर ढीली असेल, दाबून बघा. वायर घट्ट होती. दुपारी एक वाजता लाईट जायची होती, लोडशेडिंगची वेळ ठरलेली. पलीकडे शेडमध्ये बाबांनी माग सुरू केले आणि त्या खडखडाटात मी खुर्चीवर बसून चक्क भोकाड पसरलं.

तू कांड्यांची टोपली घेऊन आत आलीस. माझं रडणं तुला ऐकू आलं नव्हतंच, तोंड दिसलं.

"काय झाला गो?"

"बंद पडला," मी ओरडून सांगितलं.

तू टोपली खाली ठेवलीस आणि सीपीयूच्या डोक्यावर पालथा हात ठेवलास, मागावर ठेवायचीस तसा. "बंद कठं हाय? घुमतंय की."

"घुमतोय, पण दिसत नाही काही."

"मंग आंधला झालाय. बंद नाय."

मला तेव्हा इतका राग आला होता. म्हटलं, आत्या, हे सूत नाही, तुला यातलं काय कळतं. तू ते ऐकलंस की नाही कोण जाणे. तू खाली मांडी घातलीस आणि म्हणालीस, "धागा तुटला का मी तुटल्याली जागा शोदत नाय. जिथवर शाबूत हाय तिथवर हात फिरवत जातंय. हात थांबला का तीच जागा. चल, लाईट कठनं येतेय?"

म्हणून आपण भिंतीपासून सुरुवात केली. बोर्डाचा लाल दिवा, शाबूत. मॉनिटरला वीज, शाबूत, पिवळा का होईना दिवा होता. तिथून पुढची वायर सीपीयूच्या पाठीत जाते. तिचे दोन पेच हातानं सोडवून तू ती निळ्या तोंडाची वायर उपटलीस, मी नको नको म्हणेपर्यंत. आणि आत्या, पडदा उजळला. काळ्या पडद्यावर रंगीत चौकट आली आणि या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तरंगायला लागली. मला अजून आठवलं की अंगावर काटा येतो. मी वाचलं, वायर जोडलेली नाही असं लिहिलंय. तू मान हलवलीस. "म्हंजे ह्यो शाना हाय. वायर काढल्याली ह्याला कलतेय. खोट त्या डब्यात हाय."

माझं रडणं तिथेच थांबलं. तोपर्यंत 'कॉम्प्युटर बिघडला' एवढंच माझ्या डोक्यात होतं. तो अर्धाच बिघडलाय आणि अर्धा चांगला आहे, हे कळल्यावर एकदम हुरूप आला. मीही खाली बसले. तू कीबोर्डाकडे बोट दाखवलंस. रोज चालू केला की तीन दिवे मिचकतात आणि मग त्यातला एक लागून राहतो, आज तिन्ही विझले, असं तू म्हणालीस. मी इतके महिने त्या कीबोर्डावर बोटं आपटत होते, मला हे कधी दिसलं नव्हतं. तू पडवीतून कांड्या भरता भरता बघत होतीस. मग तू मला विचारलंस, आवाज कसला करतो का, कारण तो तुला ऐकू येण्यातला नव्हता. तेव्हा माझ्या लक्षात आलं, रोज सुरुवातीला एक बारीक 'टुक' होतो. आज तोही नव्हता. म्हणजे पंख्याला वीज पोचत होती, पण आतला जीव जागाच होत नव्हता.

आता उघडायला हवा होता. कॅबिनेटच्या मागे दुकानदारानं कागदाचं सील चिकटवलेलं, ते फाटलं की गॅरंटी गेली. क्लासमधल्या सरांनीही दहादा सांगितलेलं, आत हात घालू नका. मी तुला हे समजावलं. उघडला आणि नाही चालला तर दुकानदार परतसुद्धा घेणार नाही, बाबा मला कायमचं ऐकवतील. तू पदराला हात पुसलेस आणि म्हणालीस, "सील त्याचा हाय. काम कोनाचा हाय?" मग मीच नखानं सील फाडलं. बाबांच्या पिशवीतला पेचकस मी आणेपर्यंत तू आणखी एक फर्मान काढलंस, "आदी पट्टा उतरव." मागाचा पट्टा उतरवल्याशिवाय मशीनमध्ये हात घालायचा नाही हा शेडचा नियम. तुझा बटणावर विश्वास नव्हता. प्लग भिंतीतून उपटून तुझ्या डोळ्यांसमोर टेबलावर ठेवायला लावलास, तेव्हाच मला आत हात घालू दिलास.

झाकण निघालं आणि आपण दोघी हसायला लागलो. आत पांढरी तूस, नुसती तूस. मागावरून उडणारी सुताची ती तूस आपल्या भातात सापडते, अंथरुणात सापडते, देवाच्या समईत सापडते, ती कॉम्प्युटरला कशी सोडेल? पंख्याच्या पात्यांवर तर बोटभर थर. तू फुंकायला निघालीस, मी अडवलं, थुंकी उडेल म्हणून. मग बाबांचा दाढीचा ब्रश आणला, कोरडा ठणठणीत, आणि आपण ती तूस हलक्या हातानं काढली. माहीत असलेल्या सगळ्या जागा साफ केल्या. प्लग लावला, बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा.

अकरा वाजून गेले होते. माझा पुन्हा धीर सुटायला लागला होता आणि तुला मात्र रंग चढला होता. तुझे डोळे चमकत होते, खरंच सांगते. एवढ्या वर्षांत तुला एखादी नवी वस्तू उघडायला कुणी दिली होती? "यक यक काढ," तू म्हणालीस. "सगला यकदम काढशील तं गुता होईल. यक काढ, चालू कर, बघ, परत लाव." मला आतलं नावानं ओळखू येणारं आणि खटके दाबून निघणारं एकच होतं, ती हिरवी पट्टी, रॅम. पट्टा उतरवला. ती काढली. पट्टा चढवला, बटण दाबलं, आणि कॉम्प्युटर असा काही टाहो फोडायला लागला की मी दचकून मागे सरले. टूंऽऽ, टूंऽऽ, टूंऽऽ. तुलासुद्धा ऐकू आला. मी घाबरून प्लग उपटला, आणि तू टाळी वाजवलीस.

"बोलला. ही पट्टी नसली का वराडतो, नि असली का गप बसतो. मंग खोट कोनात हाय?"

मी तुझ्याकडे बघतच राहिले. पुढे मी कितीतरी कॉम्प्युटर उघडले, आत्या, पण इतकी सरळ गोष्ट इतक्या सरळ शब्दांत मला कुणी सांगितलेली नाही.

पट्टी तू माझ्या हातून घेतलीस. डोळ्यांजवळ नेलीस, मग नाकाजवळ. आणि तुझा चेहरा बदलला. पट्टी माझ्या नाकाखाली धरलीस. वास मलाही ओळखीचा होता, आपल्या घरातल्या प्रत्येक कपड्याला येतो तो. मागाचं तेल. पट्टीच्या सोनेरी दातांवर तपकिरी चिकटा होता आणि त्यात तूस रुतून बसलेली. तू झाकण उलटं केलंस. वरच्या जाळीतून आत तेलाचा ओघळ आलेला, बरोबर त्या पट्टीच्या डोक्यावर.

"बालाराम," बाबांचं नाव, एवढंच तू म्हणालीस.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळ्या मशीनींना तेल घालायचं, हा बाबांचा शिरस्ता. आठ मागांना घातलं, आईच्या शिलाई मशीनला घातलं, आणि तेलाची कुपी हातात होतीच म्हणून जाता जाता माझ्या कॉम्प्युटरलाही चार थेंब. मी संतापानं लाल झाले. ज्यांनी अट घातली त्यांनीच मशीन बुडवली. मी शेडकडे निघालेच होते, तू मनगट धरलंस. तुझी बोटं केवढी कडक होती. "भांडाय चारला जा. आदी ह्या पुस."

तुझ्या जुन्या मलमलीच्या पातळाचा तुकडा घेऊन तू तेल टिपलंस, दाताला दात. मग मला सरांनी एकदा केलेलं आठवलं आणि मी खोडरबर आणलं. सोनं लख्ख होईपर्यंत आपण ते दात आळीपाळीनं घासले. खाचेतला चिकटा काढायला पत्रिकांच्या नमुन्यातलं जाड कार्ड कापून त्याची पट्टी सरकवली, ती काळी होऊन आली, दुसरी सरकवली, ती जरा कमी काळी, तिसरी जवळजवळ कोरी. मग मी रॅम खाचेत ठेवून दाबली. एका बाजूनं खट झालं, दुसऱ्या बाजूनं नाही झालं. "अजून," तू म्हणालीस. मला मोडेल अशी भीती. तू तुझा अंगठा माझ्या अंगठ्यावर ठेवलास आणि दाबलंस. खट.

एक वाजायला वीस मिनिटं होती. बटण मी तुला दाबायला सांगितलं, तू नाही म्हणालीस, म्हणून मीच दाबलं. टुक. कीबोर्डाचे तिन्ही दिवे मिचकले आणि एक लागून राहिला. आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरसर उमटली, आकडे पळायला लागले. मी तुझ्या गळ्यात पडले. दोघींचे हात तेलकट, कपाळावर तूस, आणि आपण खुळ्यासारख्या हसतोय. इतका आनंद मला त्या पत्रिकेच्या पैशांचाही झाला नाही आणि नंतर दुकान टाकलं त्याचाही झाला नाही. तू मला ढकललंस. "सोर. लाईट जाईल, पयला काम कर." मी पत्रिका फ्लॉपीवर घेतली. एक नाही, दोन फ्लॉप्यांवर.

आणि तेव्हाच बाबा जेवायला आत आले. आईनं त्यांना सकाळीच सांगितलं होतं, डबा बंद पडलाय म्हणून. त्यांनी उजळलेला पडदा बघितला, उघडं कॅबिनेट बघितलं.

"चालू झाला? कोनी केला?"

"मी," मी म्हटलं.

इतकं पटकन म्हटलं, आत्या. विचारसुद्धा केला नाही. तू माझ्या मागे उभी होतीस, हातात पेचकस घेऊन. तू पेचकस टेबलावर ठेवलास, टोपली उचललीस आणि पडवीत गेलीस. बाबा माझ्याकडे कौतुकानं बघत होते. असं त्यांनी त्याआधी माझ्याकडे कधीच बघितलेलं नव्हतं. "काय झाला व्हता त्याला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तूस बसली होती. ते जेवायला बसले आणि आईला म्हणाले, पोरीच्या हातात हुन्नर हाय, राहू दे तो कॉम्प्युटर. डबा नाही, कॉम्प्युटर म्हणाले. चारच्या आत फ्लॉपी प्रेसमध्ये गेली.

त्यानंतर जे जे झालं ते तू बघितलंसच. पुढच्या खोलीत माझं दुकान झालं, एकाचे तीन कॉम्प्युटर झाले, गावातल्या चार मुली शिकायला यायला लागल्या. 'डिस्प्ले येत नाही' म्हणून कुणाचाही फोन आला की लोक म्हणायचे, बालारामच्या वैशूला बोलवा, तिनं पहिल्याच वर्षी स्वतः उघडून नीट केलेला. मी जायचे आणि भिंतीपासून सुरुवात करायचे. वायर उपटून पडदा शाणा आहे का बघायचे. माझी ती ख्याती ऐकून तू कधी हसायचीस, कधी कांड्या भरत राहायचीस. मी मात्र दर वेळी विषय बदलायचे.

अकलोलीला मी तुझ्याशी भांडले ते त्यावरूनच. गुडघ्यांसाठी तुला गरम पाण्याच्या कुंडावर नेलं होतं, पाण्यात पाय सोडून बसलो होतो. मी म्हटलं, मी आज घरी जाऊन बाबांना खरं सांगणार. तू म्हणालीस, नको. मी म्हटलं, का नको? तू म्हणालीस, "माजा सांगशील तं तेलाचा बी सांगावा लागंल."

"मग सांगते. चूक त्यांचीच होती."

"चूक कसली? तेल कोनाला घालतात? मशीनीला. डब्याला कोन घालतो गो? तोंडानं डबा बोलत व्हता, पन त्या दिशी त्यानं मशीन मानली तुजी. त्याला आता खाली बघाया लावशील?"

मी चिडले. म्हटलं, आणि तुझं काय? तुझं नाव कधी कुणी घ्यायचंच नाही का? तू हसून म्हणालीस, "माजा नाव घेऊन काय करशील, पत्रिकेत छापशील?" तुला ती गंमत वाटली. मी इतक्या पत्रिका बसवल्या, आपल्या घरच्यासुद्धा, त्यांतल्या एकातही तुझं नाव नव्हतं. आहेत त्या नावांचे मान सांभाळता सांभाळता ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं. ते भांडण तसंच राहिलं. आणि एक विचारायचं राहिलं. पूजेच्या आदल्या दिवशी बाबा तेल घालत फिरत होते तेव्हा तू पडवीतच बसली होतीस. तुला पहिल्यापासून माहीत होतं का ग? माहीत असूनही तू मला भिंतीपासून हात फिरवत नेलंस, मला कळावं म्हणून? मी आज विचारेन, उद्या विचारेन करत राहिले.

आता कालचं. घाटावरून सगळे घरी आलो, पाहुणे पांगले, ओटीवर बाबा आणि घरचीच चार माणसं राहिली. बाबा म्हणाले, "बाय गुनाची व्हती. कदी काय बोलली नाय, कदी काय मागितला नाय." बाबांचा आवाज भरून आला होता, आणि मी गप्प बसायला हवं होतं. नाही बसले.

"बाबा, तो कॉम्प्युटर आत्यानं चालू केला होता. मी नाही."

"कंचा?"

"पहिला. पूर्ण्याच्या पत्रिकेच्या वेळचा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि अगदी मायेनं म्हणाले, "तिला काय कलत व्हता त्यातला? तुजा जीव व्हता तिच्यावर, म्हनून बोलतेस."

आत्या, मला माझीच लाज वाटली आणि त्यांचाही राग आला. माझं खोटं पाच वर्षांत इतकं पक्कं झालं होतं की खऱ्याला आत यायला जागा नव्हती. मग मी तेलाचं सांगितलं. तू नको म्हटलेलं, तरी सांगितलं. वरच्या जाळीतले चार थेंब, पट्टीवरचा चिकटा, तू घेतलेला वास, तुझ्या पातळाचा तुकडा. बाबांच्या कपाळावर आठी आली, मग ती गेली.

"पंख्याला घातलेला," ते हळूच म्हणाले. "करकर आवाज येत व्हता त्याच्या पंख्याला. मला वाटला, पोरीची मशीन वराडतेय."

तू म्हणत होतीस तेच. शब्दन् शब्द तेच. मला रडूही येत होतं आणि उठून तुला हाक मारून सांगावंसंही वाटत होतं, बघ, तूच जिंकलीस.

बाबांनी विचारलं, "मंग ती मला का नाय बोलली?"

"तुम्ही 'कोणी केला' म्हणून मला विचारलंत, बाबा. ती तिथेच उभी होती, हातात पेचकस घेऊन. तिला कुणी विचारलंच नाही."

बाबा पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले. मला वाटलं मी फार बोलले, दहाव्याच्या दिवशी बोलायला नको होतं. तेवढ्यात त्यांनी शेजारची चटई हातानं झटकली.

"बस आथं. पयल्यापासून सांग."

मी बसले. सांगायला लागले. आई आतून येऊन दाराशी टेकली, चुलतभाऊ मोबाईल खिशात टाकून पुढे सरकला. तू पालथा हात ठेवलास तिथपासून सांगितलं, आंधळा झालाय म्हणालीस ते सांगितलं, तर चुलतभाऊ हसला आणि बाबांनी त्याला गप्प केलं. वायर उपटलीस आणि पडदा उजळला तिथे आल्यावर माझ्याच आवाजात इतका आनंद आला की मी थांबले, सुतकाच्या घरात हे बरं दिसतं का म्हणून. बाबा पुढे वाकले होते, माझ्या तोंडाकडे बघत, आत्या, तुझ्याबद्दल ऐकायला.

"मंग?" ते म्हणाले. "फुडं काय केला तिनं?"